मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड कसा निवडावा: छोटा पीसी पहिल्यांदाच बांधणाऱ्यांसाठी

मोठ्या कॅबिनेटचा पीसी जोडताना मदरबोर्ड थोडा चुकला तरी निभावून नेता येतं. एम.२ स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी बसवायची जागा) कमी पडला तर एखादं कार्ड घालता येतं, रॅम कमी पडली तर दोन जागा रिकाम्या असतात, केबल आडवी आली तर मागून फिरवून आणता येते. छोट्या पीसीत ही सवड नसते. कार्डासाठी स्लॉट एकच, रॅमच्या जागा दोनच, आणि प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरपासून ग्राफिक्स कार्डापर्यंत सगळं एकमेकांना खेटून. त्यामुळे बोर्डावर काय काय दिलंय ही यादी वाचून भागत नाही, ते नेमकं कुठे दिलंय हे बघावं लागतं. यादीत अगदी जुळी भावंडं वाटणारे दोन बोर्ड असतात. एकावर तुमचा कूलर आरामात बसतो, दुसऱ्यावर तोच कूलर बोर्डाच्या हीटसिंकला, म्हणजे उष्णता काढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याला, जाऊन अडतो.

खालच्या काही पायऱ्या चार ओळींत उरकल्या आहेत, कारण तिथे फार डोकं घालायची गरज नाही. कूलर आणि एम.२ यांना मात्र मुद्दाम जास्त जागा दिली आहे. नवख्यांची गाडी अडते ती बहुतेक तिथेच.

पायरी १: कोणत्या मापाचा बोर्ड?

नेहमीचा एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिमीचा. मायक्रो-एटीएक्स २४४ बाय २४४. आणि मिनी-आयटीएक्स १७० बाय १७०. हे शेवटचं माप व्हीआयए या कंपनीने २००१ मध्ये आणलं, ते कमी विजेवर चालणाऱ्या छोट्या यंत्रांसाठी. पुढे त्यावर पूर्ण ताकदीचे डेस्कटॉप प्रोसेसर बसायला लागले आणि आज ‘छोटा पीसी’ म्हटलं की हाच बोर्ड डोळ्यांसमोर येतो. याची स्क्रूची चारही भोकं एटीएक्सच्या भोकांशी जुळतात, त्यामुळे हा बोर्ड उद्या मोठ्या कॅबिनेटमध्येही बसतो. उलटं अर्थातच जमत नाही.

आणखी काही मापं कानावर येतील. मिनी-डीटीएक्स म्हणजे २०३ बाय १७० मिमी, मिनी-आयटीएक्सपेक्षा एका स्लॉटपुरता लांब. असे बोर्ड फार थोडे निघतात. थिन मिनी-आयटीएक्सची लांबी-रुंदी तीच, पण मागचे पोर्ट २५ मिमी उंचीत बसवलेले, रॅम लॅपटॉपची आणि वीज बहुधा १९ व्होल्टच्या अॅडॉप्टरवरून. मॉनिटरच्या मागे किंवा पातळ डब्यात बसवायला हा बरा. मिनी-एसटीएक्स १४७ बाय १४० मिमी, त्यावर ग्राफिक्स कार्डाचा स्लॉटच नसतो आणि तो बहुतेक वेळा कॅबिनेटसकट विकला जातो.

माझं मत विचाराल तर आधी मायक्रो-एटीएक्स लागत नाही ना, याची खात्री करा. २० ते ३० लिटरची कॅबिनेटं चालणार असतील तर मायक्रो-एटीएक्समध्ये रॅमच्या चार जागा मिळतात, जादा स्लॉट मिळतात आणि त्याच चिपसेटचा (किती स्लॉट आणि पोर्ट चालतील ते ठरवणाऱ्या चिपचा) बोर्ड बहुधा स्वस्तात पडतो. टेबलावर खरोखर जागा नसेल, पीसी बॅगेतून न्यायचा असेल किंवा छोट्या डब्याची हौसच असेल, तर मिनी-आयटीएक्स. हौस हेही कारण पुरेसं आहे.

लिटरचा हिशेब सोपा आहे. कॅबिनेटची लांबी, रुंदी आणि उंची मिमीमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि १० लाखांनी भागायचं. २० लिटरच्या आतलं ते छोटं, १० लिटरच्या आतलं ते फारच छोटं, असं ढोबळमानाने धरतात. पहिल्यांदाच बांधत असाल तर १० लिटरच्या खाली उतरू नका. हात जायला जागा लागते.

पायरी २: बोर्ड शेवटी निवडा

नवखे लोक आधी बोर्ड घेऊन ठेवतात आणि मग त्याला साजेसं कॅबिनेट शोधत बसतात. छोट्या पीसीत क्रम उलटा ठेवा. आधी कॅबिनेट, मग ग्राफिक्स कार्ड (लागत असेल तर), मग कूलर आणि प्रोसेसर, आणि या सगळ्यांनी जी बंधनं घातली त्यात बसणारा बोर्ड.

कॅबिनेटच्या माहितीतून तीन गोष्टी कागदावर उतरवून घ्या: कूलरची कमाल उंची, ग्राफिक्स कार्डाची कमाल लांबी आणि जाडी, आणि एसएमपीएसचा (पीसीला वीज पुरवणाऱ्या पेटीचा) प्रकार. छोट्या कॅबिनेटमध्ये बहुधा एसएफएक्स लागतो, १२५ बाय ६३.५ बाय १०० मिमीचा. एसएफएक्स-एल त्याहून ३० मिमी लांब असतो, आणि हे ३० मिमी अनेकदा केबलच्या जागेतून जातात.

ही मापं एकमेकांत गुंतलेली असतात. फ्रॅक्टलचं टेरा हे १०.४ लिटरचं कॅबिनेट घ्या. त्यात एका बाजूला बोर्ड आणि दुसऱ्या बाजूला ग्राफिक्स कार्ड, मध्ये एक भिंत, आणि ती भिंत सरकते. भिंत एका टोकाला नेली तर कूलरला ४८ मिमी आणि कार्डाला ७२ मिमी मिळतात. दुसऱ्या टोकाला नेली तर कूलरला ७७ आणि कार्डाला ४३. बेरीज दोन्हीकडे १२० मिमीच. म्हणजे जाड कार्ड घेतलंत तर कूलर आपोआप बुटका झाला, बुटका कूलर म्हणजे कमी वीज खाणारा प्रोसेसर, आणि तसा प्रोसेसर असेल तर भारी बोर्डावर पैसे घालण्यात अर्थ नाही. बोर्डाचा निर्णय असा तीन पावलं आधीच अर्धा झालेला असतो.

पायरी ३: सॉकेट आणि चिपसेट

इथे फार वेळ घालवायला नको. सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा. एएमडीचा सध्याचा सॉकेट एएम५, २०२२ पासूनचा, आणि त्यावर फक्त डीडीआर५ रॅम चालते. इंटेलचा एलजीए १७०० हा १२व्या, १३व्या आणि १४व्या पिढीसाठी. त्यातले काही बोर्ड डीडीआर४ घेतात, काही डीडीआर५, दोन्ही एकावर चालत नाहीत. २०२४ च्या शेवटी आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेसाठी एलजीए १८५१, आणि तिथे फक्त डीडीआर५. जुनी डीडीआर४ रॅम हाताशी असेल तर बोर्डाच्या नावाचं शेपूट नीट वाचा, ‘डी४’ तिथेच लिहिलेलं असतं.

चिपसेटमध्ये छोट्या पीसीसाठी मधला वर्ग पुरे होतो: एएमडीचे बी६५० किंवा बी८५०, इंटेलचे बी७६० किंवा बी८६०. वरच्या वर्गाच्या चिपसेटचा मुख्य फायदा म्हणजे जास्त स्लॉट, जास्त पोर्ट आणि जास्त डिस्क, आणि १७० मिमीच्या चौकोनात ते सगळं मांडायला जागाच नसते. इंटेलमध्ये प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचा, म्हणजे ठरल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा असेल तरच झेड मालिका लागते. एएमडीच्या बी६५० वर ओव्हरक्लॉकिंग चालतं, ए६२० वर प्रोसेसरचं चालत नाही. पण १० लिटरच्या डब्यात ओव्हरक्लॉकिंगचा विचार मुळात डोक्यातून काढलेला बरा. इथे लोक उलट वीज कमी करून चालवतात.

एक पथ्य पाळा. तुमचा प्रोसेसर बोर्डापेक्षा नंतर बाजारात आला असेल तर बोर्डाचं बायॉस (पीसी सुरू करणारं, बोर्डावरच साठवलेलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करावं लागेल. उदाहरणार्थ, रायझन ७००० च्या काळात निघालेल्या एएम५ बोर्डाला रायझन ९००० साठी नवं बायॉस लागतं. म्हणून मागच्या बाजूला बायॉस फ्लॅशचं बटण असलेला बोर्ड घ्या. ते असलं की प्रोसेसर न बसवताही पेन ड्राइव्हवरून काम होतं. नसेल तर तेवढ्यासाठी जुना प्रोसेसर उसना मागायची वेळ येते.

पायरी ४: कूलर बसतो का, हे फोटोवर मोजा

कॅबिनेटवाले फक्त उंची सांगतात. उंची जमली म्हणजे कूलर बसला असं नाही. मिनी-आयटीएक्सवर सॉकेटच्या एका बाजूला रॅम असते, दोन बाजूंना व्हीआरएमचे (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाचे) हीटसिंक, आणि उरलेल्या बाजूला एम.२ चा हीटसिंक व त्याखाली ग्राफिक्स कार्डाचा स्लॉट. कूलर चहूबाजूंनी वेढलेला असतो.

तपासायची रीत अशी. बोर्डाचा बरोबर वरून काढलेला फोटो उत्पादकाच्या वेबसाइटवरून उतरवून घ्या. तिरका फोटो चालणार नाही. बोर्डाची रुंदी १७० मिमी आहे हे पक्कं ठाऊक आहे, मग फोटोतच फूटपट्टी मिळाली. समजा फोटोत बोर्ड ८५० पिक्सेल रुंद दिसतोय, तर ५ पिक्सेल म्हणजे १ मिमी. आता सॉकेटच्या मध्यापासून वरच्या हीटसिंकच्या कडेपर्यंत मोजा. २१० पिक्सेल आले तर ते अंतर ४२ मिमी. तुमच्या कूलरचा पंखा १२० मिमीचा असेल तर तो मध्यापासून ६० मिमी पसरणार, म्हणजे हीटसिंकवर १८ मिमी चढणार. तो वरून निघून गेला तर काही बिघडत नाही, म्हणून आता प्रश्न हीटसिंकच्या उंचीचा. कूलरच्या आकृतीत पंख्याच्या किंवा पात्यांच्या खाली किती जागा सुटते ते दिलेलं असतं. बोर्डाच्या हीटसिंकची उंची मात्र क्वचितच सापडते. अशा वेळी बाजूने काढलेल्या फोटोत रॅमच्या स्लॉटशी तुलना करून अंदाज घ्या. हेच मोजमाप चारही दिशांना करा. मागच्या पोर्टांवरचं प्लॅस्टिकचं झाकण विसरू नका, ते अनेकदा सगळ्यांत उंच असतं.

फोटोत मोजण्याचा कंटाळा असेल तर जाड पुठ्ठ्याचा १७० मिमीचा चौकोन कापून त्यावर सॉकेट, रॅम आणि हीटसिंक आखा आणि कूलरचा कागदी तळ त्यावर ठेवून बघा. पोरखेळ वाटेल, पण याने जे कळतं ते माहितीच्या यादीतून कळत नाही.

कूलर निवडतानाच ही कटकट टाळता येते. नॉक्टुआचा एनएच-एल९आय ९५ बाय ९५ मिमीचा आणि ३७ मिमी उंच आहे. इंटेलने सॉकेटभोवती कूलरसाठी राखलेल्या चौकोनाबाहेर तो जात नाही, त्यामुळे त्या सॉकेटच्या कोणत्याही बोर्डावर तो अडत नाही. बदल्यात त्याच्याकडून मोठ्या प्रोसेसरची अपेक्षा ठेवायची नाही. थर्मलराइटचा एएक्सपी९०-एक्स४७ हा ४७ मिमी उंच, ४८ मिमीच्या कॅबिनेटांसाठी लोक हमखास घेतात. नॉक्टुआ आपल्या कूलरांसाठी बोर्डवार सुसंगततेची यादीही ठेवते. तुमचा कूलर दुसऱ्या कंपनीचा असला तरी ती यादी चाळा, कोणत्या बोर्डावर गर्दी आहे ते त्यातून उमजतं.

रॅमचंही याच हिशेबात पाहायचं. हीटसिंक नसलेली रॅम साधारण ३१ मिमी उंच. दिवे आणि शिंगं लावलेली रॅम ४० मिमीच्या वर सहज जाते आणि पसरट कूलरला अडते. छोट्या पीसीत दिव्यांची रॅम घेऊ नये असं मला वाटतं, पण ती ज्याची त्याची आवड.

बोर्डाच्या पाठीवरही नजर टाका. एलजीए १७०० ची भोकं ७८ मिमीच्या चौकोनात आहेत, त्याआधीच्या एलजीए ११५० ते १२०० पर्यंतच्या सॉकेटांची ७५ मिमीच्या. त्यामुळे जुना कूलर नवीन क्लिपशिवाय बसत नाही. एलजीए १८५१ ला १७०० चीच भोकं चालतात. एएम५ वर मागची पट्टी सॉकेटचाच भाग असल्याने काढता येत नाही. एएम४ चे जे कूलर तीच पट्टी वापरून बसतात ते चालतात, जे स्वतःची पट्टी आणतात ते नाहीत.

पायरी ५: व्हीआरएमला किती महत्त्व द्यायचं?

व्हीआरएम म्हणजे एसएमपीएसकडून आलेले १२ व्होल्ट उतरवून प्रोसेसरला हवे तितके करणारा भाग. बोर्ड विकताना याचीच सगळ्यात जास्त जाहिरात होते: इतके फेज, तितके अँपिअर. तुमचा प्रोसेसर खरोखर किती वॅट खेचतो त्यावरून ठरवा.

खोक्यावर लिहिलेला आकडा आणि खरा आकडा यांत फरक असतो. एएमडीचा ६५ वॅटचा प्रोसेसर ८८ वॅटपर्यंत जातो, १०५ वॅटचा १४२ पर्यंत आणि १७० वॅटचा २३० पर्यंत. इंटेलचा कोअर आय५-१३४०० खोक्यावर ६५ वॅटचा, पण टर्बोमध्ये १४८ पर्यंत. आय९-१४९००के १२५ वॅटचा म्हणून विकला जातो आणि २५३ पर्यंत पोचतो. ४७ मिमीचा कूलर यातल्या वरच्या आकड्यांना पुरा पडत नाही. म्हणजे प्रोसेसर त्याच्या कमाल विजेपर्यंत जाण्याआधीच उष्णतेने स्वतःला आवरणार. अशा पीसीत मधल्या वर्गाच्या बोर्डाचा व्हीआरएम पुरून उरतो. एएमडीत इको मोड लावून किंवा इंटेलच्या बायॉसमध्ये वीजमर्यादा ठरवून दिली की गरमी आणि आवाज दोन्ही उतरतात, आणि कामाचा वेग त्या मानाने थोडाच कमी होतो.

दोन ठिकाणी मात्र हात आखडता घेऊ नका. व्हीआरएमवर हीटसिंकच नसलेला स्वस्तातला एच६१० किंवा ए६२० बोर्ड आणि त्यावर मोठा प्रोसेसर, ही जोडी टाळा. आणि वॉटर कूलर लावणार असाल तर हीटसिंक चांगला जाडजूड असलेला बोर्ड बघा. खाली वारा फेकणारा साधा कूलर जाता जाता व्हीआरएमलाही थंड करतो. वॉटर कूलरमध्ये तो वारा नाहीसा होतो आणि बंद डब्यात व्हीआरएम तापत राहतो.

पायरी ६: एम.२ चे स्लॉट, विशेषतः पाठीवरचा

बहुतेक मिनी-आयटीएक्स बोर्डांवर एम.२ चे दोन स्लॉट असतात. एक पुढच्या बाजूला सॉकेट आणि ग्राफिक्स स्लॉट यांच्यामध्ये, दुसरा बोर्डाच्या पाठीवर. महागड्या बोर्डांवर पुढच्या बाजूला माडी चढवून एकावर एक दोन स्लॉट दिलेले असतात. ती माडी उंच असते, ती कूलरला आडवी येते का हे चौथ्या पायरीतल्या पद्धतीने मोजा.

पाठीवरच्या स्लॉटची भानगड अशी की बोर्ड आणि कॅबिनेटचा पत्रा यांच्यात साधारण ६ मिमीची फट असते. तिथे वारा नसतो. त्यात हीटसिंक लावलेली एसएसडी मावत नाही, आणि बोर्ड व कार्ड पाठीला पाठ लावून बसवणाऱ्या कॅबिनेटमध्ये त्या पत्र्यापलीकडे ग्राफिक्स कार्ड तापत असतं. म्हणून पीसीआयई ५.० ची तापट एसएसडी तिथे लावू नका. (पीसीआयई म्हणजे कार्ड आणि एसएसडी यांची प्रोसेसरशी जोडणी; ३.०, ४.०, ५.० या तिच्या पिढ्या.) साधी ४.० ची, शक्यतो एकाच बाजूला चिप असलेली एसएसडी घ्या आणि एसएसडी व पत्रा यांच्यामध्ये थर्मल पॅड द्या, म्हणजे पत्राच हीटसिंकचं काम करतो. पॅडची जाडी फट मोजून घ्या. जास्त जाड पॅड घालून स्क्रू आवळले तर बोर्ड वाकतो. काही कॅबिनेटांच्या पत्र्याला तिथे खिडकी ठेवलेली असते. खिडकी असेल तर बोर्ड न काढता एसएसडी बदलता येते, नसेल तर सगळा पीसी उलगडावा लागतो.

मग मॅन्युअल उघडा. विकत घेण्याआधीच ते पीडीएफमध्ये मिळतं आणि त्यातली एम.२ ची पानं वाचायलाच हवीत. कोणता स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलाय आणि कोणता चिपसेटमार्गे, कुठे ४.० आणि कुठे ३.०, आणि एखादा स्लॉट भरला की साटाचा (केबलने लावायच्या डिस्कांचा) कुठला पोर्ट बंद पडतो का, हे तिथे तारांकित करून बारीक अक्षरांत दिलेलं असतं. स्लॉट २२८० मापाचा आहे ना, तेही बघा; म्हणजे २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब. ही नेहमीची एसएसडी.

पायरी ७: एकुलता एक स्लॉट

पीसीआयईचा स्लॉट बोर्डाच्या खालच्या कडेला असतो. कॅबिनेटमध्ये कार्ड थेट बोर्डावर बसत असेल तर इथे विचार करण्यासारखं काही नाही. रायझर केबलने, म्हणजे कार्ड दूर ठेवून स्लॉटला जोडणाऱ्या केबलने बसत असेल तर केबलची पिढी बघा. पीसीआयई ३.० ची रायझर आणि ४.० चं कार्ड अशी गाठ पडली की पडदा काळाच राहतो किंवा खेळताना मध्येच पीसी बंद पडतो. इलाज म्हणजे बायॉसमध्ये जाऊन स्लॉटचा वेग ३.० वर बांधायचा. पण पडद्यावर काही दिसतच नसेल तर बायॉसमध्ये जाणार कसं? यासाठी प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असलेलं मॉडेल घ्या आणि बोर्डावर एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट आहे ना ते पाहा. नावात ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरांमध्ये, म्हणजे इंटेलचे एफ आणि केएफ किंवा एएमडीचा ७५००एफ, ग्राफिक्स नसतं.

रायझनच्या ८०००जी मालिकेबद्दल सांगायला हवं, कारण छोट्या पीसीत ती लोकप्रिय आहे. ८७००जी ग्राफिक्स स्लॉटला फक्त ८ लेन (माहिती वाहून नेणाऱ्या वाटा) देतो आणि ८५००जी तर ४. बोर्डावरचा स्लॉट १६ लेनचा दिसतो, लिहिलेलंही तसंच असतं, पण मागून तेवढं पाणी येत नाही. पुढे मोठं कार्ड लावायचा बेत असेल तर हे प्रोसेसर घेऊ नका.

कार्ड लावायचंच नसेल तर स्लॉट डिस्कसाठी वापरता येतो. एका स्लॉटमध्ये चार एसएसडी बसवणारी साधी कार्डं मिळतात, पण त्यासाठी बोर्डाला स्लॉटच्या लेन चार भागांत वाटता आल्या पाहिजेत. याला बायफर्केशन म्हणतात आणि ते बायॉसमध्ये दिलेलं असतं. एएम५ च्या बऱ्याच बोर्डांवर ४-४-४-४ अशी वाटणी होते; एलजीए १७०० वर फार तर ८-८.

पायरी ८: कडेकडेने फिरा

आता पुन्हा तोच वरचा फोटो घ्या आणि बोर्डाच्या कडेवरून एक फेरी मारा. प्रत्येक जोडणीला लागून कोणती केबल येणार आणि ती वळणार कुठून, एवढंच विचारायचं.

८ पिनची प्रोसेसरची वीज बहुधा वरच्या डाव्या कोपऱ्यात, व्हीआरएम हीटसिंकच्या मागे असते. मोठा कूलर बसल्यावर तिथे बोटं जात नाहीत. २४ पिनची जाड केबल उजव्या कडेला; कॅबिनेटमध्ये त्या कडेला एसएमपीएस टेकत असेल तर वळणापुरती जागा आहे का ते बघा. साटाचे पोर्ट दोन की चार, उभे की आडवे, आणि ग्राफिक्स कार्डाखाली दबत तर नाहीत ना? कॅबिनेटच्या पुढच्या टाइप-सी पोर्टाचा हेडर (बोर्डावरची केबल लावायची जागा) वेगळा असतो आणि स्वस्त बोर्डांवर तो हमखास गाळलेला असतो. तुमच्या कॅबिनेटला टाइप-सी आहे आणि बोर्डाला त्याचा हेडर नाही, तर तो पोर्ट नुसता शोभेचा.

पंख्यांचे हेडर बहुधा तीन. त्यांतला एक प्रोसेसरला, एक पंपाला, उरला एक. जास्त पंखे असतील तर स्प्लिटर लावता येतो, पण एका हेडरची क्षमता सहसा १ अँपिअर असते, तेवढ्यातच भागवा. दिव्यांच्या पट्ट्या असतील तर ५ व्होल्टचा तीन पिनचा आणि १२ व्होल्टचा चार पिनचा हेडर यांची गल्लत करू नका, ५ व्होल्टचे दिवे १२ वर जळतात.

मागच्या पोर्टांमध्ये युएसबी मोजून घ्या. छोट्या बोर्डावर चार युएसबी म्हणजे कीबोर्ड, माऊस, कॅमेरा, एखादा पेन ड्राइव्ह, आणि संपलं. नेटवर्क पोर्ट २.५ गिगाबिटचा असावा. वायफाय असलेला बोर्डच घ्या, कारण नंतर कार्ड घालायला स्लॉट नसतो. आणि खोक्यातला अँटेना लावा, धातूच्या डब्यात त्याच्याविना सिग्नल धड मिळत नाही. वायफायचं मॉड्यूल बदलता येतं, पण इंटेलची एएक्स२११ सारखी मॉड्यूल फक्त इंटेलच्याच बोर्डांवर चालतात. एएमडीवर एएक्स२१० घ्यावं लागतं.

रॅम पहिल्या दिवशीच पुरेशी घ्या. दोनच जागा आहेत, त्यामुळे नंतर वाढवायची म्हणजे जुन्या पट्ट्या काढून नव्या घालायच्या. १६ च्या दोन किंवा ३२ च्या दोन पट्ट्या, जोडीनेच घेतलेल्या. दोनच जागा असण्याचा एक फायदाही आहे: तारांचा मार्ग आखूड असल्याने अशा बोर्डांवर रॅम जास्त वेगाला स्थिर चालते.

घरचा सर्व्हर किंवा नुसती डिस्कपेटी करायची असेल तर

वरचं बरंचसं गणित लागू होत नाही. इंटेलचा एन१०० बोर्डावरच डकवलेला असतो, ६ वॅटचा आहे आणि पंख्याविना चालतो. असरॉकच्या एन१००डीसी-आयटीएक्सला तर एसएमपीएसही लागत नाही, अॅडॉप्टर पुरे. पण या प्रोसेसरकडे एकूण पीसीआयई ३.० च्या ९ लेन आहेत आणि त्यांतच एसएसडी, नेटवर्क आणि जादाचे साटा पोर्ट भागवलेले असतात. सहा साटा पोर्ट दिसले तर ते कोणत्या कंट्रोलर चिपवरून आणि किती लेनवर चालतात ते मॅन्युअलमध्ये शोधा. फिरत्या डिस्कांना एवढं पुरतं. चार एसएसडी एकदम पळवायच्या असतील तर नाही.

बोर्ड हातात आल्यावर

लगेच कॅबिनेटमध्ये बसवू नका. बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवा, प्रोसेसर, रॅम आणि कूलर बसवा, एसएमपीएस जोडा आणि पॉवरच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर लावून चालू करा. एएम५ वर पहिल्यांदा काही मिनिटं पडदा काळाच राहील. बोर्ड रॅमची जुळवाजुळव करत असतो. घाबरून वीज बंद करू नका, नाहीतर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. बायॉस दिसलं की नवीन आवृत्ती टाका, रॅमचं एक्स्पो किंवा एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, दोन्ही एम.२ मध्ये एसएसडी लावून ओळखली जाते का ते पाहा आणि मागचा एकेक युएसबी पोर्ट तपासा. बोर्ड परत करायचा असेल तर तो आत्ताच करता येईल, चौदा स्क्रू आणि सहा केबल लावून झाल्यावर जिवावर येतं.

सगळं ठीक असेल तर पाठीवरच्या एसएसडीचा पॅड आधी लावा. कॅबिनेट मोकळं असतानाच ८ पिनची केबल कोपऱ्यापर्यंत आणून ठेवा. बोर्ड आत गेल्यावर पुढच्या पॅनेलच्या बारीक वायरी, मग युएसबीचे हेडर, मग २४ पिन, आणि ग्राफिक्स कार्ड सगळ्यात शेवटी.